न पाहिलेली ओळ वाचता येते का?

2025 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून मोठे वादळ उठले. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. जूनमध्ये त्यात बदल झाला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. त्या अडीच महिन्यांत पालक, शिक्षक, साहित्यिक आणि राजकीय पक्ष सगळेच एक प्रश्न विचारत होते: सहा वर्षांच्या लेकरावर एकदम तीन भाषांचा भार टाकायचा का?

प्रश्न रास्त होता. पण त्या गदारोळात एक मूल कुणालाच दिसले नाही. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत बसणारे मूल प्राथमिक वर्गांपासूनच तीन भाषा शिकत आले आहे: उर्दू, मराठी आणि इंग्रजी. इतर माध्यमांच्या शाळांत तीन भाषा आधीपासूनच आहेत, एवढी नोंद करून सरकार पुढे गेले. आपणही पुढे गेलो. त्या तीन भाषा ते मूल कशी शिकते, त्यातली एक तरी त्याला धड वाचता येते का, हे ना सरकारने विचारले, ना समाजाने.

तीन भाषा म्हणजे तीन लिप्या. त्यातली एक उजवीकडून डावीकडे जाते, दोन डावीकडून उजवीकडे. शिवाय घरी बोलली जाते ती भाषा या तिघींहून वेगळी असू शकते. मराठवाड्यात दखनी, कोकणच्या किनाऱ्यावर कोकणी बोली, खानदेशात अहिराणीच्या वळणाची बोली, तर पश्चिम महाराष्ट्रात अनेक मुस्लिम घरांत सरळ मराठीच. पुस्तकात इंग्रजीला ‘दुसरी भाषा’ म्हटले, तरी या मुलांसाठी ती तिसरी किंवा चौथी असते. मराठी शाळेतल्या आदिवासी किंवा भटक्या समाजातल्या मुलांचीही स्थिती फार वेगळी नाही.

म्हणून या वेळी आम्ही कोणती भाषा हवी, कोणती नको, या वादात शिरणार नाही. मूल वाचते का, एवढाच प्रश्न घेतो. आणि त्यातही इंग्रजी वाचनाचा, कारण आज गावातला प्रत्येक बाप आणि प्रत्येक आई सगळ्यात आधी त्याबद्दलच विचारते.

पाठ येते, वाचता येत नाही

आमच्या एका सहकाऱ्याने सांगितलेला अनुभव आहे. मराठवाड्यातल्या एका गावी ते उर्दू शाळेच्या चौथीच्या वर्गात बसले होते. बाईंनी एका मुलीला उभे केले. तिने इंग्रजीच्या पुस्तकातला अख्खा पाठ खणखणीत आवाजात वाचून दाखवला. कुठे अडखळली नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग सहकाऱ्यांनी त्याच पाठातले चार शब्द घेऊन फळ्यावर एक नवे वाक्य लिहिले. शब्द तेच, क्रम वेगळा. मुलगी गप्प उभी राहिली. तिने फळ्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि मान खाली घातली.

तिची वही मोत्यासारख्या अक्षरांनी भरलेली होती. पुस्तकात मात्र प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक उर्दूत उच्चार लिहिलेले होते. ती इंग्रजी वाचत नव्हती. उर्दू वाचत होती आणि उरलेले पाठांतराने भरून काढत होती. मराठी शाळेत गेलात तर हेच चित्र दिसते, फक्त डोक्यावरची अक्षरे देवनागरी असतात.

यात त्या मुलीचा दोष नाही. बाईंचाही नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चार-पाच वर्ग दोघांत वाटून घ्यायचे. एका वर्गाला फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगायचे आणि तेवढ्यात दुसऱ्याला गणित शिकवायचे. त्यातच माहिती भरायची, आहाराचा हिशोब ठेवायचा, सर्वेक्षणाला जायचे. ज्या शिक्षकाने स्वतः इंग्रजी पाचवीपासून आणि तेही पाठांतरानेच शिकले, त्याने पहिलीच्या मुलाला इंग्रजी वाचायला कसे शिकवावे, हे त्याला नीट कुणी दाखवलेले नसते.

महाराष्ट्रात 2000 सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाला इंग्रजी पाचवीपर्यंत थांबून का मिळावे, हा त्यामागचा विचार समतेचाच होता. पण पहिलीत विषय आला म्हणजे पहिलीत वाचन आले, असे होत नाही.

याचे मोजमाप देशपातळीवर उपलब्ध आहे. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांची तपासणी करणाऱ्या ‘असर’ या पाहणीत मुलाला आधी इंग्रजी मोठी अक्षरे, मग लहान अक्षरे, मग सोपे शब्द आणि शेवटी सोपी वाक्ये वाचायला देतात. 2022 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 24.5 टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. आठवीत हे प्रमाण 46.7 टक्के होते. 2016 मध्येही आकडे जवळपास हेच होते. म्हणजे पाचवीत चारातले एक मूल वाचते, आणि आठ वर्षे शाळेत काढल्यावरही निम्म्याहून अधिक मुलांना साधे वाक्य वाचता येत नाही.

‘सीएटी’ म्हणजे कॅट कसे?

हे असे का होते, ते समजून घ्यायला हवे. नाहीतर आपण पुन्हा ‘शिक्षक शिकवत नाहीत’ आणि ‘पालक लक्ष देत नाहीत’ या दोन वाक्यांत अडकून पडू.

देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज एकच असतो. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो आणि ‘कमळ’मध्ये तो ‘क’च वाजतो. मूल अक्षर ओळखायला शिकले की अर्धे वाचन हाती येते. इंग्रजीत तसे नाही. अक्षराचे नाव ‘सी’, पण आवाज कधी ‘क’, कधी ‘स’. नाव ‘एच’, आवाज ‘ह’. नाव ‘डब्ल्यू’, आवाज ‘व’. आपल्या शाळांत मुलाला एबीसीडी पाठ करून घेतात आणि मग सांगतात, ‘सी-ए-टी कॅट’. मुलाने ही तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यातून ‘सीएटी’ निघेल, ‘कॅट’ निघणार नाही. तो दुवा मुलाला कुणी दाखवलेलाच नसतो. मग ते शहाणे मूल एकच करू शकते: पाठ करते.

सव्वीस अक्षरांत सुमारे चव्वेचाळीस आवाज बसवलेली ही लिपी आहे. स्वरांची अक्षरे पाच, पण स्वरांचे आवाज त्याच्या कितीतरी पट. पी-यू-टी पुट, तर बी-यू-टी बट का, असे मूल विचारते तेव्हा त्याला गप्प बसवू नये. त्याने भाषेतली खरी अडचण पकडलेली असते.

यावर उपाय नवा नाही आणि महागही नाही. मराठी वाचन शिकवताना आता अनेक शाळांत अ-आ-इ-ई ची पूर्ण रांग पाठ होण्याची वाट पाहत नाहीत. मोजकी अक्षरे आणि एक-दोन मात्रा घेऊन लगेच अर्थ असलेले शब्द वाचायला देतात. 1978 मध्ये फलटणला प्रगत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मुलांना वाचायला कसे शिकवावे, यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे काम केले आहे. हीच रीत इंग्रजीला लावता येते. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे घ्या. त्यांची नावे नव्हे, आवाज शिकवा: स्, ॲ, ट्, प्, इ, न्. आता मूल पिन, टिन, पॅन, टॅप, टिप, सॅट, सिट, स्पिन असे शब्द स्वतः जुळवून वाचते. सहा अक्षरांत डझनभर शब्द, आणि एकही पाठ केलेला नाही. पुढच्या पंधरवड्यात आणखी चार अक्षरे. जे शब्द नियमात बसत नाहीत, जसे ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, ते थोडे थोडे करून नजरेने ओळखायला शिकवायचे. एबीसीडीची नावे मागाहून आली तरी चालते. ती लागतात शब्दकोश पाहायला आणि स्पेलिंग सांगायला.

उर्दू शाळेतल्या मुलाचे बळ

उर्दू माध्यमाच्या मुलाच्या काही खास अडचणी आहेत. त्याची पहिली लिपी उजवीकडून सुरू होते. त्यामुळे इंग्रजीचे पुस्तक ते कधी उलटे उघडते, कधी शब्द शेवटाकडून पाहू लागते. बी आणि डी, पी आणि क्यू ही लहान अक्षरे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा वाटतात. त्यांत मराठी मुलाचाही गोंधळ होतो, उर्दू मुलाचा थोडा जास्त होऊ शकतो. उर्दूच्या रोजच्या लिखाणात जेर, जबर, पेश लिहिले जात नाहीत, ऱ्हस्व स्वर वाचणाऱ्यानेच संदर्भावरून भरायचा असतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक स्वराचे अक्षर समोर असते आणि ते वगळून चालत नाही. जोडाक्षराने सुरू होणारे शब्द जिभेवर येताना आधी ‘इ’ घेऊन येतात: स्कूलचे ‘इस्कूल’ होते, स्टेशनचे ‘इस्टेशन’. मूल जसे बोलते तसेच लिहिते, आणि त्याला चुकीची फुली मिळते.

शिक्षकाला हे ठाऊक असेल तर यातली प्रत्येक अडचण आठवडाभराच्या सरावाने सुटणारी आहे. दिशेचेच घ्या. उर्दू मूल आकडे आधीपासून डावीकडूनच लिहिते. ‘आपण 125 जसे लिहितो, त्याच बाजूने हेही वाचायचे,’ एवढे सांगितले तरी त्याला धरायला काहीतरी मिळते.

आणि या मुलाचे बळही मोठे आहे, ते आपण मोजत नाही. बे, पे, ते यांचा आकार एक आणि फरक फक्त नुक्त्यांचा. शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अक्षराचे रूप बदलते. हे सारे ओळखणाऱ्या मुलाची नजर बारीक असते. इंग्रजीची मोठी आणि लहान अक्षरे ही एकाच अक्षराची दोन रूपे आहेत, ही कल्पना त्याला नवी नाही.

दुसरे बळ मक्तबातले आहे. गावातली अनेक मुले शाळेआधी किंवा शाळेनंतर मक्तबात जातात आणि नूरानी कायदा शिकतात. तिथे हिज्जे करून वाचतात: अक्षर, त्यावरची जेर किंवा जबर, आणि दोन्ही मिळून होणारा आवाज. तिथे स्वरचिन्हे पूर्ण दिलेली असतात. आवाजाला आवाज जोडून शब्द उभा करणे हे मुलाने तिथे शेकडो वेळा केलेले असते. इंग्रजीच्या तासाला आपण ज्याला फोनिक्स म्हणतो, त्याची बरीचशी सवय त्या मुलाच्या कानाला आधीच असते. शाळेला हे माहीत नसते आणि मक्तबाला इंग्रजीशी देणेघेणे नसते. एकाच मुलाचे दोन वर्ग एकमेकांशी बोलत नाहीत. मक्तबातल्या वाचनात मात्र मुलाला अर्थ विचारला जात नाही. उच्चार शुद्ध आला की वाचन झाले, ही सवय मूल शाळेत घेऊन येते. इंग्रजीच्या तासाला ती मोडावी लागते. वाचलेस, आता सांग काय वाचलेस, हे प्रत्येक ओळीला विचारावे लागते.

आवाज आणि अर्थ

अर्थाचा मुद्दा इथेच स्पष्ट करायला हवा, कारण हल्ली फोनिक्सचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत आणि महिन्याभरात मूल फाडफाड वाचेल, असे फलक लागले आहेत. 1986 मध्ये गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाबद्दल एक साधी मांडणी केली. समजून वाचणे म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: लिपी उलगडता येणे आणि ती भाषा ऐकून समजणे. गुणाकारातली एक संख्या शून्य असली की उत्तर शून्य. लिपी येत नसेल तर भाषा येऊनही वाचता येत नाही. आणि भाषा समजत नसेल तर खडखडीत उच्चार करूनही वाचन होत नाही.

आपल्या गावातल्या मुलाच्या कानावर घरी इंग्रजी पडत नाही, असे म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. बस, स्टँड, मोबाइल, चार्जर, रिचार्ज, डॉक्टर, मोटर, पंप, पाइप, लाइट, गॅस, ट्रॅक्टर, बॅट, बॉल, आउट, टाइम, हे सारे शब्द ते रोज बोलते. रेशनच्या दुकानात ‘थंब’ लावायला आजीबरोबर तेच जाते. हे शंभर-दोनशे शब्द अर्थासकट आधीच त्याच्या खिशात आहेत. पहिले इंग्रजी वाचन या शब्दांचे का असू नये? ‘पंप’ हा शब्द आवाज जोडत जोडत वाचून पूर्ण झाला की मुलाच्या चेहऱ्यावर जे उजाडते, ते ‘ए फॉर ॲपल’ने उजाडत नाही. पुष्कळ मुलांनी सफरचंद पाहिलेले असते ते पुस्तकातच.

त्याखेरीज रोज दहा मिनिटे तरी इंग्रजी ऐकायला आणि बोलायला हवे. ‘दार उघड’, ‘वही दे’, ‘इकडे ये’, अशा साध्या सूचना शिक्षकाने इंग्रजीत द्याव्यात. एक छोटी गोष्ट आधी उर्दूत किंवा मराठीत सांगावी, मग चित्रे दाखवत तीच इंग्रजीत वाचून दाखवावी. यासाठी पुस्तके विकत घ्यायलाच हवीत असेही नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर 2015 पासून मुलांच्या सचित्र गोष्टी अनेक भाषांत मोफत मिळतात. मराठीही आहे, उर्दूही आहे, इंग्रजीही आहे. अनेक गोष्टी एकीपेक्षा जास्त भाषांत आहेत. शिक्षकाचा एक मोबाइल पुरतो.

आधी एक भाषा पक्की

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. मूल वाचायला एकदाच शिकते. अक्षरांमागे आवाज असतो, आवाजांमागे अर्थ असतो आणि ओळीमागे कुणीतरी आपल्याला काही सांगत असते, हे एकदा एका भाषेत कळले की दुसऱ्या भाषेत ते नव्याने कळावे लागत नाही. फक्त नवी चिन्हे आणि नवे शब्द शिकावे लागतात. कॅनडातले भाषा-अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 च्या सुमारास हेच मांडले: पहिल्या भाषेतले कौशल्य दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते. ‘असर’च्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत वाचता येतो. म्हणजे निम्म्या मुलांना पाचवीतही नाही. ज्या मुलाला उर्दूतली किंवा मराठीतली गोष्ट वाचता येत नाही, त्याच्यावर इंग्रजीचे कितीही तास लावले तरी वर दोन मजले आणि खाली पाया नाही, अशी गत होते.

भारतीय राज्यघटनेचे कलम 350-अ प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण देण्याची सोय करायला सांगते. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुस्लिम मुलांच्या मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाचा मुद्दा मांडला. शाळेत जाण्याच्या वयाची जेमतेम तीन टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात, बाकीच्यांचे भवितव्य सरकारी आणि खासगी शाळांतच ठरते, हेही त्याच अहवालाने दाखवले. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः गावच्या जिल्हा परिषद शाळेचा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आम्ही आदराने ऐकतो. ‘मातृभाषेचा उपदेश गरिबालाच का? उपदेश करणाऱ्यांची मुले कुठे शिकतात?’ हा प्रश्न विचारण्याचा त्या बापाला पूर्ण हक्क आहे. इंग्रजीची मागणी ही फॅशन नाही, ती बरोबरीची मागणी आहे. सावित्रीबाई फुल्यांनी 1854 च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला होता. त्यामागे हीच भूक होती. आम्ही इंग्रजी कमी करा असे म्हणत नाही. इंग्रजी खरेच शिकवा, असे म्हणतो.

पण तालुक्याच्या गावी निघालेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची व्हॅन दारात येते, टाय येतो, फी येते, त्याबरोबर इंग्रजी येते का, हे तपासले पाहिजे. अनेक ठिकाणी तिथेही तेच पाठांतर चालते. फरक इतकाच की उर्दू शाळेतले मूल फक्त इंग्रजीचा पाठ घोकते, तिथले मूल विज्ञान आणि परिसर अभ्यासही न समजता घोकते. आणि अनेक घरांत ही फी मुलासाठी भरली जाते, मुलगी मात्र गावच्या शाळेत राहते. मग उर्दू शाळा सातवीला संपते, पुढची मराठी हायस्कूल दुसऱ्या गावात असते, तिला मराठीही नीट वाचता येत नसते आणि इंग्रजीही. तिचे शिक्षण तिथेच थांबते. घरचे म्हणतात, तिलाच आवड नव्हती. आवड कशी राहील? सात वर्षे शाळेत काढून वाचता न येणाऱ्या लेकराला दररोज वर्गात बसणे ही शिक्षाच असते.

आपण काय करू शकतो

सरकारकडे मागण्या आहेतच. उर्दू शाळांतली रिक्त पदे भरा. तिन्ही लिप्या शिकवणाऱ्या शिक्षकासाठी त्याच्या अडचणी ओळखून प्रशिक्षण आखा. मराठी शाळेसाठी केलेले प्रशिक्षण भाषांतर करून उर्दू शाळेला देऊ नका. ज्या गावी उर्दू शाळा सातवीला संपते, तिथे शेवटच्या दोन वर्षांत मराठी वाचनाची जोड द्या, म्हणजे मुलींची वाट खुंटणार नाही.

पण सरकारची वाट पाहत आपली मुले चौथी पास होतील. म्हणून काही गोष्टी आपल्या हातात आहेत त्या आजच कराव्यात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या महिला. बहुतेक गावांत ही समिती कागदावर असते, सह्या घरी येऊन घेतल्या जातात. या समितीत आपल्या आया-बहिणींनी जाऊन बसावे. त्यांना इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. त्यांनी दर महिन्याला एकच गोष्ट मागावी: प्रत्येक वर्गातल्या पाच मुलांना, ज्या त्या भाषेत, आधी न पाहिलेली एक ओळ आमच्यासमोर वाचायला द्या. पहिली-दुसरीत उर्दूची किंवा मराठीची, तिसरीपासून इंग्रजीचीही. मग मुलाला विचारा, याचा अर्थ काय. यासाठी परीक्षा नको, गुण नकोत आणि मुलाला किंवा शिक्षकाला रागावायचेही नाही. कोण कुठे अडते ते कळले की पुढचा महिना कशावर द्यायचा हे शिक्षकालाच कळते. चांगल्या शिक्षकाला अशा समितीची मदतच होईल.

गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी, विशेषतः बारावी होऊन घरी बसलेल्या मुलींनी, आठवड्यातून दोन संध्याकाळी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवाव्यात. शाळेच्या ओसरीवर, कुणाच्या अंगणात, जागा मिळेल तिथे. बचत गटांना हे सहज जमेल. मक्तबाच्या उस्तादांशी आणि शाळेच्या शिक्षकांशी एकदा एकत्र बसून बोलावे. मूल तिथे जे शिकते ते इथे कसे उपयोगी पडेल, एवढाच विषय ठेवावा.

आणि घरी? आईला इंग्रजी येत नाही म्हणून तिने कमीपणा घेऊ नये. मुलाने पुस्तकाचे पान उघडले की तिने पानावर कुठेही बोट ठेवावे आणि विचारावे, ‘हे काय लिहिलंय? आणि त्याचा मतलब काय?’ मूल सांगू शकले तर ते वाचत आहे. पाठ म्हणायला सुरुवातीपासून लागले, तर ते वाचत नाही. हे ओळखायला इंग्रजी लागत नाही.

चौथीतल्या त्या मुलीने संपूर्ण पाठ तोंडपाठ केला होता. एवढी स्मरणशक्ती आणि एवढी मेहनत आपण चुकीच्या कामाला जुंपली. तिच्या मागे पहिलीत बसलेल्या तिच्या धाकट्या भावंडांच्या बाबतीत तरी ही चूक पुन्हा होऊ नये. येत्या पंधरा दिवसांत आपल्या गावच्या शाळेत जा, एका मुलाला एक नवी ओळ वाचायला द्या, आणि काय दिसले ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.